तिचा थांबा येईपर्यंत

॥ श्री ॥

उंबरदरी, ता. कंधार
दि. ३ मार्च २०२५

तीर्थरूप आजोबांच्या चरणी सुकन्येचा कृ. सा. न.

वि. वि. तुमच्या कानांनी फोनशी असहकार पुकारल्यापासून घरात माझ्यावाचून तुम्हांला कोणी पत्र लिहीत नाही, असे आई सांगत होती. तेव्हा अक्षराला नावे ठेवू नका. फळ्यावर लिहून लिहून हात फळ्याएवढा झाला आहे.

येथे सर्व क्षेम. आजी असती तर तिच्या माहेरी माझे किती लाड चालले आहेत हे पाहून हरखली असती. तिचे भाऊ, आपले अण्णामामा, रोज संध्याकाळी विचारतात की लातूरच्या आमच्या दाजींची तब्येत कशी आहे, आणि मी सांगायच्या आत स्वतःच सांगतात की दाजी शंभरी गाठणार. धोंडामामी मला भाकरी थापू देत नाहीत. मास्तरणीचे बोट भाजले तर पोरांचा अभ्यास बुडतो, असे त्यांचे मत आहे. सप्ताहाचा फलक बसथांब्यावर आताच लागला. काल्याच्या कीर्तनाला दरवर्षीप्रमाणे तुमचेच नाव आहे, आणि फोटोत तुम्ही निवृत्तीच्याही आधीचे आहात.

शाळेतली एक हकीकत कळवते. शनिवारी दप्तर नसते, गोष्टी आणि खेळ असतात. गेल्या महिन्यापासून मी हक्कांसाठी लढलेल्या माणसांच्या गोष्टी घेतल्या आहेत. महाडच्या तळ्याची झाली, शेणाचे गोळे झेलत शाळेत शिकवायला जाणाऱ्या सावित्रीबाईंची झाली. परवा अमेरिकेतल्या रोझा पार्क्सबाईंची घेतली, ज्यांनी गोऱ्या उतारूसाठी बसमधली आपली जागा सोडायला नकार दिला. मुलांना गोष्ट ऐकून भागत नाही, करून पाहायची असते. म्हणून आम्ही बाके रांगेत लावून कंधार-लोहा गाडी तयार केली. चौथीतल्या पंचशीलेचे आजोबा, भीमनगरातले लिंबाजी, एसटीत कंडक्टर होते. त्यांनी आपली जुनी तिकिटांची पेटी आणि पंच दिला. अण्णामामांचा नातू सत्यम कंडक्टर झाला. इतका कडक की डोकावायला आलेल्या हेडमास्तरांकडेही त्याने तिकीट मागितले.

पंचशीला रोझाबाई झाली. सत्यमने तिला उठवायचे आणि तिने बसून राहायचे, एवढाच खेळ. वाक्य मी शिकवले होते. ऐन वेळी तो ते विसरला, आणि त्याच्या तोंडून जे निघाले ते गोष्टीतले नव्हते, घरातले होते. तो शब्द मी या कागदावर लिहीत नाही. मुले हसली. पंचशीला हसली नाही आणि उठलीही नाही. तिकीट काढलंय, माझा थांबा लोह्याला हाय, एवढेच म्हणाली. मग सत्यमच रडू लागला. विचारले तर सांगितले की ऊठ म्हटल्यावर समोरचा उठलाच नाही तर पुढे काय करायचे, ते त्याला कोणी शिकवले नव्हते.

मलाही पुढे काय करावे ते सुचले नाही. मी घंटा देऊन टाकली. तुम्ही माझ्या जागी असता तर काय केले असते, ते सवडीने लिहा.

तुमच्या आशीर्वादावर पहिला हक्क सांगणारी,
सुकन्या


॥ श्री ॥

लातूर
फाल्गुन शुद्ध दशमी, दि. ९ मार्च २०२५

चि. सुकन्येस दयानंद आजोबांचे अनेक उत्तम आशीर्वाद.

तुझे पत्र पोचले. दोनदा वाचले, एकदा माझ्यासाठी आणि एकदा तुझ्या आईसाठी मोठ्याने. आरतीने हसून ऐकले, परंतु शेवटच्या परिच्छेदाशी तिच्या हातातले शेंगा फोडणे थांबले. आई आहे. आईला जे ऐकू येते ते वाचणाऱ्यालाही दिसत नाही.

मूल जे बोलते ते त्याचे स्वतःचे नसते. घराच्या भिंतीत ओल मुरलेली असते, तीच त्याच्या तोंडून पाझरते. सत्यम रडला हे शुभ चिन्ह समज. आपल्याच शब्दाची ज्याला भीती वाटली, त्याच्या अंतःकरणाचा झरा अजून बुजलेला नाही. तू घंटा दिलीस ते मात्र मला रुचले नाही. अर्धी राहिलेली कथा मुलांच्या मनात नीट झोपत नाही. ती उठून हिंडू लागते.

तेव्हा ती पूर्ण कर, आणि त्यासाठी सातासमुद्रापलीकडे जाण्याचे कारण नाही. पाच वर्षांचा ध्रुव बापाच्या मांडीवर बसू लागला आणि सावत्र आईने त्याला उठवले, ही कथा तुला पाळण्यापासून ठाऊक आहे. त्या बालकाने पुढे तप केले ते राज्यासाठी नव्हे. जिथून आपल्याला कोणी उठवू शकणार नाही अशी जागा त्याला हवी होती, आणि भगवंताने ती दिली. मुलांना उत्तरेचा तारा दाखव आणि सांग, की ज्याला एकदा मांडीवरून उठवले गेले तो तिथे बसला आहे.

दुसरे असे. यंदाच्या काल्याच्या कीर्तनात मी हाच विषय घेणार आहे. काला म्हणजे काय? गोकुळातल्या गुराख्यांनी आपापल्या शिदोऱ्या सोडल्या, एकत्र कालवल्या, आणि भगवंताने त्या उष्ट्या हातांनी खाल्ल्या. तिथे कोणी कोणाचे गाव विचारले नाही. हंडीभोवती लेकरांचे रिंगण बसते, त्यातला प्रत्येक गोपाळ असतो. आणि गोपाळाला रिंगणातून उठवण्याचा अधिकार कीर्तनकारालाही नाही. हे माझ्या नावाने मुलांना सांग. चैत्रात मी ते वीणेसमोर उभा राहून सांगेन.

अण्णारावांची चिंता करू नकोस. सप्ताहात पहाटेच्या काकड्याला ते स्वतः टाळ धरतात. ज्याने ही कथा जन्मभर डोळे मिटून ऐकली आहे, त्याला ती डोळे उघडून ऐकवली तर तो नाही कसा म्हणेल?

उन्हात डोक्यावर पदर घेत जा. म्हाताऱ्याचा जीव तुझ्या वाटेवर ठेवलेला आहे, हे विसरू नये.

दयानंद


॥ श्री ॥

उंबरदरी
रंगपंचमी, दि. १९ मार्च २०२५

तीर्थरूप आजोबांस सुकन्येचा कृ. सा. न.

वि. वि. तुम्ही म्हणालात तशी कथा पूर्ण केली. ध्रुवावर मुले खूश झाली. दुसऱ्या दिवशी अर्धा वर्ग जांभया देत होता, कारण सगळे रात्री गच्चीवर तारा शोधत बसले होते, आणि प्रत्येकाने वेगळाच तारा धरला होता.

पण कथा वर्गात राहिली नाही. उठणार न्हाई हा आता गावातल्या पोरांचा खेळ झाला आहे. कोणी रेशन दुकानाच्या पायरीवर बसते, कोणी पारावर, कोणी उभ्या ट्रॅक्टरवर. आणि उठवायला गेले की थांबा आला न्हाई म्हणून सांगते. पहिले काही दिवस मोठी माणसे हसली. मग भीमनगरची दोन पोरे देवळाच्या ओट्यावर बसून तेच म्हणाली, आणि त्या दिवसापासून कोणी हसत नाही.

तुमचा निरोप मी तुमच्या नावाने सांगितला. पंचशीलेने हात वर करून विचारले की रिंगणात कोणीही बसले तर चालते का. मी हो म्हणाले. खरेच दयानंद महाराज असे म्हणाले का, असे तिने पुन्हा विचारले. मी तुमचे पत्र दाखवले. तिने ते वाचले, तुमच्या सहीवर बोट ठेवले आणि मान हलवली. आता ती काल्याला येणार आहे. मी तिला बोलावले नाही, आजोबा. पण ये म्हणण्यावाचून मी दुसरे काय केले, तेही मला सांगता येत नाही.

घरात अण्णामामा माझ्याशी बोलतात, पण जेवताना नाही. शाळेच्या कंपाउंडच्या भिंतीवर हल्ली सप्ताह मंडळाची तरुण पोरे बसलेली असतात. काही करत नाहीत. मी गेटातून आत जाते तेव्हा सगळी एका सुरात राम कृष्ण हरी म्हणतात, आणि मी दिसेनाशी होईपर्यंत गप्प राहतात.

आईला हा शेवटचा भाग वाचून दाखवू नका.

तुमच्या कृपेच्या सावलीत उभी असलेली,
सुकन्या


उंबरदरी
दि. २६ मार्च

श्री. रा. रा. दाजींस अण्णारावचा शिरसाष्टांग नमस्कार.

वि. वि. पत्र लिवायची मला सवय न्हाई. फोनवर तुम्हाला ऐकू येत न्हाई, आन समोर आलं की माझी जीभ उचलत न्हाई. म्हणून धोंडाबाईनं कागद पुढं ठिवला.

दाजी, पोरगी आमची हाय. माझ्या आक्काची नात. तिच्यावर माझा राग न्हाई. पण ती काय करून राहिली ते तिला मालूम न्हाई. शाळंत बस खेळले, ठीक. आता लिंबाजीची नात काल्याच्या रिंगणात बसणार म्हणून गावभर झालंय. आमचा सत्यम घरी येऊन सांगतो की मी तिच्या बाजूला बसणार. सुनंनं त्याला मारलं. मी आडवा गेलो न्हाई, हे बी लिवतो.

मी लिंबाजीच्या गाडीनं कंधारच्या बाजाराला किती साल गेलो. सुट्टे नसले तर तो म्हणायचा, आण्णा, उद्या द्या. माणसात खोट न्हाई. पण देवळापुढं, सप्त्यात, चार गावचे लोक बघताना, तिथं मी एकटा न्हाई. आमच्या टायमाला आम्हाला राग आला की आम्ही वरडायचो, शिव्या द्यायचो, आन संध्याकाळी तंबाखू मागायचो. आताची पोरं वरडत न्हाईत. मोबाईलमधी बघून हसतात आन माझ्यापुढं गप ऱ्हातात. मला त्याचीच फिकीर हाय. वर दुसऱ्या दिवशी चौदा एप्रिल, त्यांची मिरवणूक.

लिंबाजी तुम्हाला मानतो. त्याला दोन वळी लिवा की पोरीला त्या दिवशी घरी ठेव. कोणाची इज्जत जात न्हाई, सप्ता बी पार पडतो. न्हाईतर पुढचा जिम्मा माझ्याच्यानं घेववत न्हाई. हे धमकी म्हणून लिवत न्हाई दाजी. भ्यालोय म्हणून लिवतो.

मेव्हण्यावरची नजर फिरवू नका.
अण्णाराव


॥ श्री ॥

लातूर
चैत्र शुद्ध प्रतिपदा, दि. ३० मार्च २०२५

रा. रा. अण्णाराव यांस दयानंदाचे नववर्षाचे शुभाशीर्वाद.

गुढी उभारून पहिले पत्र तुम्हांस लिहीत आहे. तुमच्या पत्रातले एक वाक्य मला फार मोलाचे वाटले: आपण भ्यालो आहोत, हे तुम्ही लिहिलेत. इतके खरे वाक्य मी व्यासपीठावरून क्वचितच बोललो असेन.

परंतु तुम्ही मागता ते मजकडून होणे नाही. मी लेकरांना शब्द पाठवला आहे. मोठ्या माणसाला दिलेला शब्द मोडला तर तो भांडतो, आणि भांडण मिटते. लेकराला दिलेला मोडला तर ते भांडत नाही. ते मोठे होऊन तसेच शब्द देऊ लागते. तुमच्या सत्यमला आपण कोणता शब्द शिकवला आहे हे तुम्हांस ठाऊक आहे, आणि तुम्हांस ठाऊक आहे म्हणूनच त्याला मार बसताना तुम्ही आडवे गेला नाहीत. मी दोष देत नाही. दुखणाऱ्या जागी बोट ठेवतो आहे.

लिंबाजींना पत्र मी आजच लिहीत आहे. मात्र तुमच्या मजकुराचे नव्हे. काल्याचा पहिला घास आजवर तुमच्या घराच्या लेकराच्या हातावर ठेवत आलो. यंदा तो त्यांच्या नातीच्या हातावर ठेवीन, असे त्यांस कळवतो. गावाने हे डोळ्यांनी पाहिले की गाठ सुटेल, असा माझा भरवसा आहे. पोरांचे म्हणाल तर त्यांतली निम्मी माझ्या कीर्तनात टाळ धरून उभी राहिलेली आहेत. ज्या हाताला टाळाची सवय आहे, तो हात वावगे करणार नाही.

बहिणीच्या नात्याने जे प्रेम तुम्ही मला दिलेत, त्यात ही एक गोष्ट सामावून घ्या.

दयानंद


उंबरदरी
दि. ३ एप्रिल

तीर्थरूप आजोबांस कृ. सा. न.

वि. वि. तुमच्या पत्राने लिंबाजीकाका रागावले आहेत की काय, मला कळत नाही. ते वाचून त्यांनी घडी घालून खिशात ठेवले, आणि स्वतः उत्तर लिहीन म्हणाले.

मंगळवारी सकाळी शाळा उघडली तर मैदानात आमची गाडी उभी होती. वर्गातली सगळी बाके बाहेर आणून कोणीतरी रांगेत लावली होती, अगदी आम्ही त्या शनिवारी लावली होती तशी. चालकाची खुर्ची पुढे, मध्ये चालायला वाट. फक्त खिडकीकडचे एक बाक नव्हते. पंचशीलेचे.

मुलांनी शोधले आणि शाळेमागच्या पडक्या आडात सापडले. पाणी उन्हाळ्याने तळाशी गेले आहे, म्हणून वरून दिसते. आडवे पडलेले नाही, आजोबा. सरळ उभे आहे, चारही पायांवर, गुडघाभर पाण्यात. कोणीतरी येऊन बसावे म्हणून ठेवल्यासारखे. वरून फेकलेले बाक असे राहत नाही. दोर लावून, सांभाळून कोणीतरी ते खाली सोडले आहे.

हेडमास्तर म्हणाले की वांड पोरांचा चाळा आहे, बोभाटा नको. मुले कठड्यापाशी उभी होती. पंचशीला वाकून बराच वेळ पाहत होती. मी तिला मागे ओढले. सत्यम माझ्याजवळ येऊन हळूच म्हणाला की म्याडम, मला माहीत हाय पण मी सांगणार न्हाई, सांगितलं तर घरात कोणी ऱ्हाणार न्हाई. आणि मग, तिच्या शेजारी बसायला वेगळे तिकीट लागते का, असे त्याने विचारले.

त्याच संध्याकाळी धोंडामामींनी माझी बॅग भरून ओसरीवर ठेवली. रागाने नाही. साड्यांच्या घड्या नीट घालून, वर लोणच्याची बरणी ठेवून. त्या म्हणाल्या, बाई, हितं तुला काय झालं तर मी कुणाला विचारू, घरातल्यांनाच का? पंचशीलेची आई रेणुका येऊन बॅग डोक्यावर घेऊन गेली. मी आता त्यांच्याकडे राहते.

आई मला परत ये म्हणते. मी अजून उत्तर दिलेले नाही. लवकर लिहा.

सुकन्या


भीमनगर, उंबरदरी
दि. ५ एप्रिल २०२५

आदरणीय दयानंद महाराज यांना लिंबाजीचा सप्रेम जय भीम.

तुमचे पत्र मिळाले. तुमच्या मनात वाईट नाही हे मला माहीत आहे. माझ्या गाडीत तुम्ही कधी राखीव जागा मागितली नाही, वीणा मांडीवर घेऊन मागच्या सीटवर बसायचे, हे माझ्या लक्षात आहे. म्हणून स्पष्ट लिहितो.

माझ्या वडिलांनी छप्पन साली घरातला देव्हारा उचलला. तेव्हापासून आम्ही तुमच्या देवाच्या दारात काही मागायला उभे राहिलो नाही. माझी नात तुमच्या काल्याची भुकेली नाही. पहिला घास तिच्या हातावर ठेवून तुम्हाला बरे वाटेल, गावाला राग येईल, आणि तिला काय पाहिजे ते कोणी विचारलेच नाही असे होईल. आधी मला विचारायचे होते महाराज. तुम्ही कळवले, विचारले नाही.

मी तिला म्हणालो, जाऊ नको. रेणुका म्हणाली, जाऊ नको. तिने कंपासमधून तिकीट काढून दाखवले. खेळातले तिकीट, माझ्याच पंचने भोक पाडलेले. म्हणाली, आजोबा, तुम्हीच तर म्हणायचे, तिकीट काढलेल्या माणसाला वाटेत उतरवणे हा गुन्हा हाय. आता मी काय बोलू? नोकरीभर मीच ते बोलत आलो.

तर ती येणार. आमच्या वस्तीतले आम्ही कोणी येणार नाही, आलो तर लगेच भांडण म्हणतील. मॅडमला हेडमास्तरांनी त्या दिवशी देवळाकडे फिरकायचे नाही म्हणून बजावले आहे. मग माझा एकच सवाल आहे, कंडक्टरचा सवाल समजा. रिंगणातून कोणी उठवणार नाही असे तुम्ही म्हणता. पण तुम्ही तर उभे राहून कीर्तन करणार. तिच्या बाजूला बसलेले कोण असेल?

भवतु सब्ब मंगलं.
लिंबाजी


॥ श्री ॥

लातूर
कामदा एकादशी, दि. ८ एप्रिल २०२५

चि. सुकन्येस अनेक आशीर्वाद.

लिंबाजींचे पत्र आले. ते मी कोणाला वाचून दाखवले नाही. देवापुढे ठेवले. विदुराच्या घरी भगवंत जेवले ही कथा मी जन्मभर सांगितली. विदुराला भूक होती का, त्याच्या दारी कोणी विचारून गेले होते का, हे मला कधी सुचले नाही.

घासाचा मोह सोडला. त्यांस तसे कळवले आहे आणि क्षमा मागितली आहे.

तू तिला ये म्हणू नकोस, येऊ नकोस असेही म्हणू नकोस. तू परत यावेस की नाही, हेही मी सांगणार नाही. तुझी आई दोन दिवस जेवलेली नाही. मी तुला आणायला जातो असे तिला सांगून निघणार आहे, आणि हे अर्धसत्य आहे हे तिला माझ्या चेहऱ्यावरून कळले असावे. कारण तिने माझ्या पिशवीत औषधे महिन्याभराची भरली.

शनिवारी सकाळच्या गाडीने निघतो. वीणा यंदा घरीच ठेवतो. बसायला जाणाऱ्याला ती लागत नाही.

दयानंद


॥ श्री ॥

उंबरदरी, लिंबाजींच्या घरून
संकष्टी चतुर्थी, दि. १६ एप्रिल २०२५

चि. सौ. आरतीस मामंजींचे अनेक उत्तम आशीर्वाद.

सुकन्या खुशाल आहे. हे पहिल्या ओळीत लिहिले म्हणजे पुढचे तू श्वास धरून वाचणार नाहीस.

रविवारी काला झाला. मी येण्यापूर्वीच मंडळाने परगावचे एक तरुण कीर्तनकार ठरवले होते. फलकावर माझ्या चेहऱ्यावर त्यांचा चेहरा चिकटवलेला पाहिला. मला ते सोयीचेच झाले. मंडप भरण्याआधी मी हंडीसमोर रिंगणात जाऊन मांडी घातली. गोपाळांत बसायला माझे वय झाले आहे असे एक म्हातारी म्हणाली. मी म्हटले, भगवंताने वयाचा दाखला मागितला नव्हता. लोक हसले. ते त्या दिवशीचे शेवटचे हसू.

पंचशीला शाळेच्या गणवेशात आली. एकटी. मंडपातून ती चालत येताना टाळ थांबला नाही, परंतु त्याची लय सुटली हे त्या मुलांच्या हातांकडे पाहून मला कळले. ती माझ्या उजव्या बाजूला बसली आणि तिकीट मुठीत धरले. सत्यम उठून तिच्या पलीकडे जाऊन बसला.

मग बाया आल्या. एकेकीने येऊन आपापले लेकरू दंडाला धरून उठवले आणि नेले. शेवटच्या थांब्याकडे जाताना गाडी रिकामी होत जावी, तसे ते रिंगण रिकामे होत गेले. सत्यमची आई आली नाही. धोंडाबाई आल्या. आता हाही जाणार, असे मला वाटले. त्यांनी त्याची वाकडी झालेली टोपी सरळ केली आणि त्या परत गेल्या. अण्णाराव खांबाशी उभे होते. त्यांनी पाहिले, आणि जमिनीकडे मान घातली.

उरलो तिघे. तेव्हा मंडळाची पोरे आली. त्यांतल्या दोघांना टाळ धरायला मीच शिकवले आहे. एकाने माझ्यापुढे हात जोडले, आणि आजोबा, तुम्ही उठा, उगं धक्का लागंल, असे म्हणाला. मी त्याला सांगितले की मला ऐकू येत नाही. तो माझ्या कानाशी वाकून पुन्हा म्हणाला. मी पुन्हा तेच सांगितले. बहिरेपणाचा एवढा लाभ मला आयुष्यात झाला नव्हता. त्यांना तिच्यापर्यंत पोचायचे तर मला ओलांडावे लागत होते, आणि चार गावच्या लोकांसमोर ते त्यांना जमेना. ती पोरे माझ्या चारी बाजूंनी उभी राहिली. त्यांच्या सावल्यांत आम्ही बसून होतो. तशात कीर्तन झाले, घाईघाईने. हंडी फुटली, काला वाटला गेला, आमच्यावरून दुसरीकडे गेला. कोणीतरी माझ्या हातावर ठेवला तो मी तिच्यापुढे धरला. सवयीने धरला, आरती. लिंबाजींना दिलेले वचन त्या क्षणी विसरलो. तिने मान हलवली, आणि भूक नाही म्हणाली. मंडप बराच रिकामा झाल्यावर तिने तिकिटाकडे पाहिले, माझा थांबा आला असे मला मोठ्याने सांगितले, फ्रॉकची धूळ झटकली आणि स्वतःहून उठली.

तिला कोणी उठवले नाही. तू एवढेच लक्षात ठेव, कारण यापुढचे तुला आवडणार नाही.

सोमवारची मिरवणूक बंदोबस्तात नीट पार पडली. काल पोलिसांची गाडी गेली. तेव्हापासून येथे जी शांतता आहे तिला मी काय नाव देऊ? भीमनगरात सोमवारपासून नळाला पाणी नाही. मोटार जळाली असे सांगतात, मात्र वरच्या आळीत तीच मोटार चालते. सत्यमला घाईने उमरीला मावशीकडे धाडले. अण्णाराव सांजेला कुंपणाबाहेर येऊन उभे राहतात, आत येत नाहीत. काल मला म्हणाले की दाजी, पोरीला अन मास्तरणीला घेऊन लातूरला जा, मी गाडी करून देतो, फक्त उद्या परवा असं म्हणू नका. ते रडत होते. कोण काय करणार आहे असे विचारले, तेव्हा त्यांनी घराकडे वळून पाहिले.

लिंबाजींनी आडातले बाक दोर लावून काढले, उन्हात वाळवले आणि वर्गात नेऊन ठेवले. परीक्षा तोंडावर असूनही त्या वर्गात सध्या पाच-सहा मुले येतात. सुकन्या त्यांना शिकवते. तिला मी चल म्हटले. ती म्हणाली की बाक पुन्हा जागेवर आले आहे, त्यावर बसणारी रोज येते, मग शिकवणारीने कसे जावे. मी दुसऱ्यांदा विचारले नाही. तू मला यासाठी क्षमा करणार नाहीस, हे जाणून लिहितो.

म्हणून मीही येत नाही. सकाळची शाळा आहे. पंचशीलेचा हात धरून मी तिला पोचवतो आणि आणतो. सुकन्या पुढे चालते. ओढ्याच्या वळणावर मोटारसायकली उभ्या असतात. मंडळाची मुले माझ्या पाया पडतात, राम कृष्ण हरी म्हणतात, आणि डोळे मात्र पंचशीलेवर ठेवतात. याच नामाने मी त्यांना लहानाचे मोठे केले, आणि आता त्याच नामाने माझ्या पाठीवर काटा येतो. काल वाटेत तिने विचारले की आजोबा, तुमचा थांबा कुठला. मी सांगितले, अजून आलेला नाही.

आम्ही वळण ओलांडले की त्या गाड्या मागे येतात, हळूहळू, अंतर ठेवून. मला त्यांचा आवाज ऐकू येत नाही. माझ्या हातातली तिची बोटे घट्ट होतात, त्यावरून मला कळते की त्या निघाल्या. सैल झाली की कळते, थांबल्या. आज शाळेच्या दारापर्यंत तिची बोटे सैल झाली नाहीत.

माझे दोन धोतरजोड आणि रक्तदाबाची औषधे पोस्टाने पाठव. मला न्यायला कोणाला धाडू नकोस. घरातला दिवा संध्याकाळी तू लावतेस, त्यापुढे क्षणभर या पोरीचे नाव घेत जा. सासऱ्यावरची माया त्यातच पोचेल.

शाळा सुटायची वेळ झाली. निघतो.

दयानंद